बांधलेल्या गावासमोर

जंगलात वाघानं माणूस मारला की त्या जागेवरून जाणारा प्रत्येक जण एक डहाळी टाकून पुढं जातो. टाकता टाकता ढीग होतो. ढीग दिसला की चालत्या माणसांचं बोलणं आपोआप थांबतं, डहाळ्या पडतात आणि जागा मागं पडेपर्यंत कोणी खोकतसुद्धा नाही. आमच्या हद्दीत असे बरेच ढीग होते. पण त्यांतल्या काही ढिगांखाली कोणीच मेलेलं नव्हतं. ते आमच्या जमादारांनी घातलेले होते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. गडचिरोली जिल्ह्याच्या पार आतल्या अंगाला पोलिसांचं एक दूरक्षेत्र होतं. दूरक्षेत्र म्हणजे कौलारू खोल्या, काटेरी तारेचं कुंपण, वाळूची पोती आणि एक वायरलेसचा खांब. त्या खांबाखाली मी बसायचो. ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून बी.ए. होऊन पोलिसात भरती झालेला, भाताच्या बांध्यांतून वाढलेला मी. जंगल बसच्या खिडकीतून जेवढं दिसतं तेवढंच पाहिलेलं. आणि जमादार म्हणजे तिथले प्रमुख. हुद्द्यानं सहायक फौजदार, चंद्रपूरकडच्या मूल गावचे, शिंप्याच्या घरातले. साहेब म्हटलं की रागवायचे. "भाऊ म्हन. साहेब जिल्ह्याले बसते." मला मात्र ते कधीच नावानं हाक मारत नसत. मी त्यांचा "वायरलेस" होतो, स्वयंपाकाचा शिपाई "चुल्हा" होता.

त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गस्तीला गेलो तेव्हा पळसाच्या वळणावर ते थांबले आणि त्यांनी एका ढिगावर डहाळी टाकली. मीही टाकली. विचारलं, "कोण मेलं इथं?"

"कोनीच नाई."

"मग ढीग कशाचा?"

"दोघं भाऊ होते, वावराच्या धुऱ्यावरून भांडन. लहाना कुऱ्हाड घेऊन इथी बसला होता, मोठा याच वाटेनं येनार होता. मी जवळ जाऊन बसलो. बिडी देली. त्याच्या बैलाचं इचारलं, बायकोचं इचारलं. ऊन उतरलं तसा उठला, अन् घरी गेला." मग ते वाकले आणि काठीनं जमिनीवर दाखवायला लागले. "मुर्दा इथी पडला असता. डोकं या मुळीवर. हा हात असा मुडपून. रगत इकडून वाहत त्या खड्ड्यात."

त्यांनी हे इतक्या शांतपणे आणि इतकं नेमकं दाखवलं की माझ्या अंगावर काटा आला. त्यानंतर त्या वळणावरून मी कितीदा गेलो असेन, पण हात मुडपून पडलेला तो माणूस मला दर वेळी दिसायचा. खरोखर पडलेला मुडदा निदान उचलून नेतात, पंचनामा होतो, माती होते. न पडलेला मुडदा तिथंच राहतो. त्या मोठ्या भावाला पुढं मी बाजारात मिरच्या विकताना पाहिलं, तेव्हा मला त्याच्याशी धड बोलताही येईना.

गावकऱ्यांचीही पंचाईत होती. वाघाचे ढीग त्यांना माहीत होते. हे नवे ढीग कोणाचे, हे कळेना. पण धोका कशाला घ्या म्हणून तेही डहाळ्या टाकायला लागले. शेवटी नाल्यापलीकडच्या गावच्या गायत्यानं, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यानं, जमादारांना सरळ विचारलं की इथं कोणाचं भूत आहे. जमादारांनी दोघा भावांची गोष्ट सांगितली. गायत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की बरोबर आहे, जे व्हायला आलं होतं आणि झालं नाही, तेही कुठंतरी राहत असणारच. तेव्हापासून त्या दोघांचं चांगलं जमलं. मला मात्र दोघांपैकी कोणाला हसावं हे कधी ठरवता आलं नाही.

संध्याकाळी सगळ्या चौक्यांत हजेरी होते. आमच्याकडं हजेरीनंतर एक प्रश्न असे. जमादार खुर्ची ओढून बसायचे, डोळे मिटायचे आणि विचारायचे, "आज काय नाई झालं?"

आम्ही जवान पोरं आधी फिदीफिदी हसायचो. कोणी म्हणे, बाजारात मारामारी नाही झाली. ते डोळे न उघडता विचारत, "कोन करनार होता?" आणि मग हसणं बंद व्हायचं, कारण विचार केला की नाव आठवायचं. दारू पिऊन आलेला एक जण खरोखरच दुकानासमोर घुटमळत होता. कोणीतरी त्याला घरी नेलं होतं. कोणी नेलं? शेजारणीनं. "मंग आज ती पोलीस होती," असं म्हणून ते उठायचे. हळूहळू मला सवयच लागली. अंथरुणावर पडल्यावर न झालेल्या गोष्टी एकेक करून यायच्या आणि खाटेभोवती उभ्या राहायच्या.

हे खूळ त्यांच्या डोक्यात भरलं होतं ते ट्रेनिंग स्कूलमध्ये. तिथल्या कुठल्याशा मास्तरनं त्यांना आधुनिक पोलिसाचा जन्म शिकवला होता, आणि बाकीचे परीक्षेपुरतं घोकून विसरले तसे हे विसरले नाहीत. लंडनची गोष्ट ते अशी सांगत की जणू मूलच्या बाजारपेठेत घडली आहे. लंडनात चोऱ्यामाऱ्या फार, पण पोलीस म्हटला की लोकांच्या कपाळाला आठी. सरकारचे हेर आपल्यावर सोडणार म्हणून. मग तिथल्या मंत्र्यानं डोकं चालवलं. फौजेचा कोट लाल, म्हणून पोलिसाला निळा कोट दिला. बंदूक दिली नाही, लाकडी दंडुका दिला. आणि गळपट्टीवर नंबर लावला, म्हणजे पोलिसानं आगळीक केली तर कोणालाही त्याचं गाऱ्हाणं नेता यावं.

"लोकं म्हंजे पोलीस, अन् पोलीस म्हंजे लोकं," ते म्हणायचे. "फरक एवढाच का आपल्याले त्याचा पगार भेटते. अन् पोलिसाचं काम चांगलं हाय का नाई, ते कायवरून पाहाचं? किती धरले त्यावरून नाई. काय झालं नाई, त्यावरून."

"मग आपल्याकडं असं का नाही?" मी एकदा डिवचलं.

"आपल्याकडं तो पोलीस आलाच नाई ना लेका. सत्तावनच्या बंडानंतर इंग्रजानं आपल्याले आयर्लंडवाला नमुना पाठवला. बंदूकवाला, बराकीत राह्यनारा, लोकायवर नजर ठेवनारा. लंडनवाला तिकडंच राह्यला." मग म्हणाले, "मी त्याची वाट पाहून राह्यलो."

शिंप्याचे असल्यामुळं कोटाचा रंग आणि गळपट्टी त्यांच्या जिवाला लागली होती. रंग बदलणं हातात नव्हतं, पण आपला बक्कल नंबर त्यांनी कॉलरवर लाल दोऱ्यानं भरला होता, चांगला ठसठशीत. तपासणीला आलेल्या साहेबांनी तो दोनदा उसवायला लावला. दोन्ही वेळा आठवड्याभरात तो परत उगवला. तिथल्या माडिया आदिवासींची पोरंबाळं तो काठीनं मातीत काढायची. वाचता येत नव्हतं कोणाला, पण हा आकडा म्हणजे जमादार, हे नाल्यापलीकडं शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

त्यांची आणखी एक रीत होती. गावात ते कधीच सरळ शिरत नसत. बंदूक चौकीत ठेवायची, काठी घ्यायची, गावाच्या कडेच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसायचं. कोणीतरी बाहेर येऊन "चल" म्हणेपर्यंत आत पाय टाकायचा नाही. कधी लगेच कोणी यायचं, कधी दुपार उलटायची, कधी कोणीच यायचं नाही आणि ते तसेच परत यायचे. अशा दिवसात, दलमच्या, म्हणजे नक्षल्यांच्या टोळीच्या, बंदूकवाल्यांचा वावर वाढलेला असताना, एकट्यानं बिनहत्यारी बसून राहणं हा शुद्ध वेडेपणा होता. मी तसं म्हणालोसुद्धा. ते म्हणाले, "बलावल्याशिवाय गेलो तं मी फौज झालो."

मी काही दिवस त्यांच्यासोबत त्या मोहाखाली बसलो आहे. भर दुपारी जंगल गप्प होतं तेव्हा पानांच्या आड कोणीतरी आपल्याकडं पाहतंय असं वाटतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. मानेवर नजर जाणवायची. जमादार डोळे मिटून म्हणायचे, "हालू नको. पाहू दे त्यायले. पाहून पाहूनच वळख होते."

त्या वर्षी भाताच्या रोवणीच्या दिवसात जिल्ह्यातून एक पथक आमच्याकडं आलं. दुसऱ्या एका रस्त्यावर सुरुंगात पोलिसांची गाडी उडाली होती. पथकाचे साहेब पश्चिम महाराष्ट्राकडचे, तरुण, अभ्यासू. त्या गाडीत त्यांच्याबरोबर शिकलेला एक जण होता. त्यांचे डोळे झोपेविना तांबारलेले होते. खबर होती की दलम नाल्यापलीकडच्या गावात मुक्कामाला आहे. जेवण होताच निघायचं ठरलं. वायरलेसचा संच पाठीवर घेऊन मलाही सोबत जायचं होतं.

जमादार म्हणाले, "साहेब, आज नाई. आज गाव बांधलं हाय."

गाव बांधणं म्हणजे काय ते साहेबांना समजावून सांगावं लागलं. रोवणीच्या सुमाराला गायता गावाच्या शिवेभोवती फिरून खुंट्या ठोकतो, डुक्कर देतो आणि गावात शिरायच्या वाटेवर आडवा दोरा बांधतो. रोगराई, वाघ, वाईट वारं बाहेर राहावं म्हणून. त्या दिवशी सकाळपासून दिवस बुडेपर्यंत कोणी बाहेर जात नाही, कोणी आत येत नाही. चूल पेटत नाही. गावात कोणी तोंडातून शब्द काढत नाही.

साहेब ऐकत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे आजच्या दिवशी तिथं कोण लपलंय हे कोणी पाहणार नाही, कोणी बोलणार नाही. छान आहे." आणि त्यांनी निघायची खूण केली.

नाला ओलांडून आम्ही गावासमोर आलो तेव्हा दुपार कलती झाली होती आणि आभाळ भरून आलं होतं. रोवणीचे दिवस असून बांध्यांत एक माणूस नव्हता. रोपांच्या जुड्या पाण्यात तशाच उभ्या होत्या. एकाही छपरातून धूर नाही. कुत्री भुंकली नाहीत. तीसुद्धा घरात कोंडलेली होती. वाटेवर दोन खुंट्यांना हळदीचा दोरा आडवा ताणलेला, त्याला कडुनिंबाचे टहाळे लोंबत होते, आणि वारा नसताना त्यातला एक हलत होता. जिथं माणसं नाहीत अशी शांतता मी पाहिली आहे. ही तसली नव्हती. घराघरांत भिंतीमागं माणसं श्वास रोखून बसली आहेत हे आम्हा सगळ्यांना पाठीच्या कण्यात कळत होतं.

"गाव रिकामं करून आत सापळा लावलाय," साहेब पुटपुटले. जवान बांधाआड पसरले. बंदुकांचे खटके खाली झाले. तो आवाज माझ्या अजून कानात आहे.

"रिकामं नाई, साहेब," जमादार म्हणाले. "सगळे आत हायेत. लेकरायच्या तोंडावर हात ठेवून बसले असन."

"मग आपण जाऊन बघू."

तेव्हा जमादार चालत पुढं गेले. दोऱ्यापाशी पोचले, पण तो ओलांडला नाही. तिथं ते वळले आणि गावाकडं पाठ करून, आमच्याकडं तोंड करून उभे राहिले. हातात काठी, कॉलरवर तो लाल आकडा.

"दिवस बुडू द्या, साहेब. बुडला का मी सोता आत नेतो. घर न् घर दाखवतो. आत्ता गेलो अन् एखादं लेकरू घाबरून पळालं, एखादं कवाड वाजलं, तं तुमच्या पोरायचे बोटं थांबनार नाई."

"जमादार, बाजूला व्हा."

"नाई होत."

साहेबांनी मला जिल्ह्याला लावायला सांगितलं. मी संच खाली ठेवला, हाका मारल्या, जागा बदलून पुन्हा मारल्या. नुसती खरखर. मध्येच त्या खरखरीत कोणीतरी बोलल्यासारखं वाटायचं आणि विरायचं. वरून आदेश नाही म्हणून साहेबही अडकले. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. पुढं गेले आणि दलम असला तर माणसं मरणार; थांबले आणि दलम असला तर तो निसटणार. मी त्यांना दोष देत नाही. मला स्वतःला वाटत होतं, जमादारांनी बाजूला व्हावं आणि काय व्हायचं ते एकदाचं होऊन जावं.

ते उभेच राहिले. वेळ जात होता. आभाळ आणखी खाली आलं, अंधारून आलं, झाडं काळी पडली. आणि मग जमादारांच्या मागं, पार शेवटच्या घराचं कवाड उघडलेलं मला दिसलं.

एक माणूस बाहेर आला. मग शेजारच्या घरातून एक बाई. मग प्रत्येक दारातून. म्हातारे, बाया, कडेवर पोरं. कोणाच्या पावलांचा आवाज नाही, कोणाच्या तोंडून शब्द नाही. त्या काळवंडलेल्या उजेडात ती माणसं जमिनीतून उगवल्यासारखी वाटेवर आली आणि सरकत सरकत जमादारांच्या पाठीशी येऊ लागली. माझ्या शेजारच्या जवानानं बंदूक खांद्याला लावली. त्याचं बोट घोड्यावर होतं.

जमादारांनी आमचे चेहरे पाहिले. मागं काहीतरी आहे हे त्यांना त्यावरून कळलं. वळून पाहणं किती सोपं होतं. पण ते म्हणाले, "मांगं कोन हाय, ते मले सांगू नका. बंदुका खाली घ्या." आणि मान इंचभरही हलवली नाही.

माणसं दोऱ्यापाशी येऊन थांबली. गायता पुढं झाला. त्यानं तो दोरा दोन्ही हातांनी धरला आणि तोडला. मग जमादारांच्या शेजारी येऊन उभा राहिला, आमच्याकडं पाहिलं आणि गोंडीत काहीतरी विचारलं. त्या दिवसातला त्या गावातला तो पहिला शब्द. जमादारांनी आम्हाला मराठीत सांगितलं. "पोरायले पानी पाह्यजे का, इचारून राह्यला."

साहेबांनी एकदा गायत्याकडं, एकदा जमादारांकडं पाहिलं. मग बंदूक खाली केली. आम्ही पाणी प्यायलो. तशाच काळवंडलेल्या उजेडात घरं पाहिली, धान्य, डुकरं, रडणारी पोरं. दलम तिथं होता की नव्हता, होता तर कुठून गेला, हे मला आजही माहीत नाही. गोळी सुटली नाही, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी जमादारांना जिल्ह्याला बोलावलं. आदेश मोडला म्हणून चौकशी लागली, आणि नोकरीची उरलेली वर्षं त्यांना मुख्यालयात गणवेशाच्या भांडारात बसवलं. जीपमध्ये चढण्याआधी ते नाल्यापलीकडच्या गावाकडं गेले नाहीत, कोणाचा निरोप घेतला नाही. आम्हाला वाटलं, अपमान झाला म्हणून. मी त्या चौकीत पुढं बरेच दिवस राहिलो. संध्याकाळी हजेरीनंतर कोणी काही विचारत नसे, आणि सगळे पटकन उठून जात.

दोन हजार सालानंतर केव्हातरी एका लग्नाला मूलला गेलो, तेव्हा त्यांच्याकडं गेलो. राइस मिलच्या मागच्या गल्लीत घर. वडिलांच्या शिलाई मशीनवर बसून ते कोणाच्यातरी शाळेच्या गणवेशाला काज करत होते. दाढी पांढरी झाली होती. त्यांच्या बायकोनं, भाभींनी, चहा दिला आणि त्या आत गेल्या. जुन्या गोष्टी निघाल्या. मी विचारलं, "भाऊ, त्या दिवशी भीती नाही वाटली? समोर आमच्या बंदुका, मागं कोण ते ठाऊक नाही."

"लय वाटली. पन बंदुकीची नाई." त्यांनी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, ओवला गेला नाही. "मी सारी जिंदगी सांगत फिरलो का लोकं म्हंजे पोलीस. त्या दिवशी उभा होतो अन् मनात एकच. आता जर गोळी सुटली, तं यायच्यातला एक तरी माह्यासाठी बाहेर येईन का? का म्हनतीन, त्यायचं ते पाहून घेतीन, आपलं गाव बांधलं हाय?" ते थोडं हसले. "मंग दिवस बुडला, बंधन सुटलं, तवा आले ते. बुडला नसता तं आले नसते. ठीक हाय. त्यायची रीत हाय. पन वायरलेस, ते मनात राह्यलं. म्हनूनच जाताना गावात नाई गेलो. काय तोंडानं इचारू?"

मी हातातला कप खाली ठेवला. त्यांना माहीत असणार, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

"भाऊ," मी म्हणालो, "दिवस बुडाला नव्हता. ते आभाळ होतं. माझा वायरलेसचा संध्याकाळी पाचचा कॉलसुद्धा व्हायचा होता."

"त्यायलेबी अंधार वाटला असन."

"नाही. तुम्ही गेल्यावर पुढच्या आठवड्यात गायत्याचा माणूस चौकीवर आला. म्हणाला, उद्या येऊ नका, गाव बांधतोय. मी म्हटलं, मागच्याच आठवड्यात तर बांधलं होतं. तर म्हणाला, ते दिवसाढवळ्या सोडलं ना, तसं सोडलेलं धरत नाही. सगळं पुन्हा करावं लागतं."

मशीनच्या चाकावरचा त्यांचा हात थांबला.

"पुन्हा बांधलं?"

"पुन्हा. खुंट्या, दोरा, सगळं."

"डुकर कोनाचं?"

"गायत्याचंच."

"रोवना चालू होता ना रे?"

"ऐन भरात होता. एक दिवस मोडला सगळ्यांचा."

त्यांनी मशीनवरचं कापड हातात ओढून घेतलं. मग आतल्या दाराकडं तोंड करून त्यांनी हाक मारली. आमच्याशी आयुष्यभर झाडीबोलीत, तिकडच्या मराठीत, बोलणारा तो माणूस घरात हिंदी बोलायचा. आवाज एखाद्या पोराचा असावा तसा निघाला.

"अजी सुनते क्या? वो लोग मेरे वास्ते आए थे."

"कौन लोग?" भाभींनी आतून विचारलं.

त्यांनी सांगायला तोंड उघडलं, पण त्यांच्यानं बोलवेना. हातातलं कापड तोंडाशी धरून ते रडत राहिले. मग मीच आत गेलो आणि भाभींना सगळं सांगितलं.